चंद्राएवढी

“हात जरा खाली घ्या, ताई. अजून थोडा. आता बोटं मिटू नका, न्हाईतर सूर्य सांडंल.”

आमच्या ह्यांचा धंदाच तो होता. पाचगणीच्या टेबललँडवर रोज संध्याकाळी स्टँडवर कॅमेरा लावून उभे राहायचे आणि पुण्यामुंबईच्या माणसांना सूर्य वाटायचे. कुणाच्या तळहातावर, कुणाच्या डोक्यावर, नव्या जोडप्यांच्या दोन नाकांच्या मधे. फोटो दुसऱ्या दिवशी हॉटेलवर पोचता. मी शेजारीच शेगडी मांडून चहा आणि भाजलेल्या शेंगा विकायची. बायका विचारायच्या, मालक काय करतात? मी म्हणायची, लोक दूध विकतात, भाजी विकतात, आमचं कुंकू सूर्य विकतं.

त्या दिवशी दत्तजयंतीची आदली संध्याकाळ होती. थंडी मी म्हणत होती, गिऱ्हाईक झकास होतं, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वनी माझ्या पदराखाली तोंड खुपसून बसली होती, आणि जरा लांब एका दगडावर तिची आई बसली होती.

तिची आई म्हणजे शालन, माझी धाकटी जाऊ. वनी तिच्या पोटची, माझी नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण पाचगणीतल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नव्हतं आणि उरलेले विसरले होते.

वनी जन्मली आणि शालनच्या छातीत क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, पोरीला हिच्या वाऱ्याला उभं करू नका. माझा दीर आनंदा लांब मध्य प्रदेशात कारखान्यात कामाला. त्यानं बायकोला तिकडं औषधपाण्याला नेलं आणि धडुत्यात गुंडाळलेली पोर माझ्या ओटीत घातली. माझी कूस तोवर उजवली नव्हती, पुढंही उजवली नाही. “सहा महिन्यांचा तर प्रश्न हाय, वहिनी,” आनंदा म्हणाला होता. त्या सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. शालन बरी व्हायची, दुखणं उलटायचं, पुन्हा बरी व्हायची. मधूनमधून तिच्या हातची झबली यायची पोरीला. ती कायम आखूड व्हायची, कारण शालनच्या डोक्यात पोर अजून तेवढीच होती.

आळीतल्या बायका म्हणायच्या, “माय मरो, मावशी जगो म्हणतात ते काय खोटं न्हाई, हौसा.” मी त्यांच्या अंगावर जायची. पोरीची माय मरायला नको होती मला. पोरीला मी मला आई म्हणू दिलं नाही कधी. काकी म्हण, आई लांब हाय, बरी झाली की येईल तुला न्यायला, असं रोज सांगायची. तोंडानं सांगायची. पोटात मात्र वाटायचं, न येवो.

आणि आता ती आली होती. अंगावर मूठभर मांस चढवून, लेकीसाठी लाल रिबिनी घेऊन. तिचं काय चुकलं? काही नाही. आपलं लेकरू न्यायला आई येणार नाही तर कोण येणार?

पण वनी जाईना. त्याच दिवशी सकाळी एसटी स्टँडवर तिनं माझ्या कमरेला असा विळखा घातला की लुगडं फाटलं, पण तिची बोटं सुटली नाहीत. शालननं हात लावला की अंग चोरायची. आनंदानं ओढली तर त्याच्या मनगटाला कडाडून चावली. कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी तशीच गेली.

“मी काय राक्षसीण हाय का, अक्का?” शालन मला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच मला सोसवेना.

ह्यांनी शेवटचं गिऱ्हाईक आटोपलं आणि माझ्या शेगडीपाशी येऊन उकिडवे बसले. “वने, तोंड बाहेर काढ जरा. आभाळात गंमत बघ.”

पोरीनं एक डोळा पदराबाहेर काढला. मावळतीला सूर्य हातभर वर होता आणि वाईच्या अंगाला चंद्र केव्हाचाच उगवून बसला होता.

“दोघं एवढे एवढेच हायत,” वनी म्हणाली. “जुळे हायत का, नाना?”

“जुळे कसले! सूर्य चारशेपट मोठा हाय चंद्रापरास.”

“खोटं.”

“शाळेची सहल घेऊन एक मास्तर आले होते, त्यांनी सांगितलंय मला. चारशेपट मोठा. पण गंमत अशी की तो चारशेपट लांब पण हाय. म्हणून दिसायला सारखे.” ह्यांनी माझ्या टोपलीतली शेंग सोलून एक दाणा तिच्या चिमटीत दिला. “हात लांब कर, एक डोळा मीट, आणि दाणा चंद्रावर धर. कुठं गेला चंद्र?”

“दाण्यामागं.”

“एवढाला चंद्र, आणि शेंगदाण्यानं झाकला. कसा काय?”

वनीनं विचार केला. “दाणा जवळ हाय.”

“शाब्बास. माझा धंदा तरी दुसरा काय हाय? बारकं जवळ ठेवायचं, मोठं लांब ठेवायचं, फोटोत दोघं एका मापाची. मला वाटायचं, ही ट्रिक माझीच. देवानं आधीच करून ठेवलेली.”

वनी हसली. आईबाप आल्यापासून पहिल्यांदाच हसली. तिकडं दगडावर शालननंही मान वर केली.

“आणि ग्रहणात काय होतं, तर हा बारका चंद्र बरोबर मधे येतो,” हे म्हणाले. “मग भरदिवसा अंधार. लांबचं कितीबी मोठं असू दे, जवळचं मधे आलं की ते दिसतच न्हाई.” बोलता बोलता ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि वनीच्या चिमटीतला दाणा घेऊन खाऊन टाकला. मी आधणात साखर टाकत होते.

“मग चंद्र लबाड हाय,” वनी म्हणाली. “मोठा नसून मोठा दिसतो.”

“लबाड न्हाई गं,” मी म्हणाले. “जवळ हाय नुसता.”

आणि शेगडीला वारा घालत बसले.

दुसऱ्या दिवशी दत्तजयंती. घरात जाण्याचा शब्द कुणी काढला नाही. उलट आनंदाच म्हणाला, “आम्ही आठ दिवस राहतो, वहिनी. पोरीला सवय होऊ दे.” मला एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण त्या दिवशी मी शालनच्या ताटात दोनदा तूप वाढलं, नको नको म्हणत असताना.

संध्याकाळी सगळेच वर गेलो. हे म्हणाले, “आज पुनव हाय. वनीचा एक झकास फोटो काढू.”

“काकीला माझ्या हातावर उभी करा, नाना,” वनी म्हणाली. तसले फोटो तिनं पुष्कळ बघितले होते. बाईनं कॅमेऱ्याजवळ तळहात धरायचा, नवऱ्यानं लांब जाऊन उभं राहायचं, की फोटोत नवरा बायकोच्या हातावर उभा. बायका फार खूश व्हायच्या त्या फोटोवर.

“ह्या वयात मी तुझ्या हातावर नाचू व्हय?”

“जा, हौसे,” हे म्हणाले. “आज तुला चंद्राएवढी करतो. मागनं तो वर येतोय, त्याच्या शेजारी तू. दोघं एका मापाची. फक्त नेहमीपरास जरा लांब जावं लागंल.”

“तुम्हाला म्हातारचळ लागला,” मी म्हणाले, पण पदर खोचला. खरं तर मला आवडलं होतं. इतकी वर्षं माणसाबरोबर काढली, माझा एकटीचा फोटो काही ह्यांनी काढला नव्हता.

टेबललँडवर वारा असा की बोललेला शब्द तोंडातच राहतो. म्हणून फोटोवाल्यांनी खुणा ठरवलेल्या होत्या. तळहात पुढं ढकलला की मागं जा. मूठ दाखवली की थांब. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले की हसा, हात हलवा, फोटो निघतोय. गिऱ्हाइकाला आधी ह्या शिकवायच्या आणि मगच लांब धाडायचं. मला त्या झोपेतही कळल्या असत्या. वनीला तर बोलायच्या आधी खुणा यायला लागल्या होत्या.

मी वनीकडं तोंड करून उलट्या पावली चालायला लागले. तिनं तळहात पुढं धरला होता, भिक्षा मागितल्यासारखा, आणि जीभ बाहेर काढून माझ्याकडं बघत होती. शालन कॅमेऱ्याच्या मागं उभी होती. आनंदा टांगेवाल्याशी काहीतरी बोलत होता.

हे तळहात ढकलत होते. मागं. मी मागं. एरवी माणूस तिथल्या मोठ्या खडकापर्यंत गेलं की पुरायचं. मी खडक ओलांडला. तरी मागं. मूठ काही येईना. मनात म्हटलं, चंद्राएवढं व्हायचं म्हणजे काय सोपं नाही, बाई. माझं मलाच हसू यायला लागलं. सूर्य त्यांच्या पाठीमागं पार खाली आला होता, थेट माझ्या डोळ्यांत. पुढचं सगळं काळं काळं दिसायला लागलं. स्टँड काळा, हे काळे, आणि ते एवढंसं पोर, तेही काळं. मग एकदाची मूठ दिसली. मी थांबले.

वनीनं दोन्ही हात डोक्यावर नेले आणि हलवायला लागली.

नानाची चेली, दुसरं काय! खूण बरोबर लक्षात ठेवली कार्टीनं. मीपण दोन्ही हात वर करून हलवले. तिनं आणखी जोरात हलवले. मी आणखी जोरात. ती उड्या मारायला लागली. मग मीपण, एवढी थोराड बाई, लुगडं सावरत दोन उड्या मारल्या आणि खदाखदा हसले. मागं वळून एकदा चंद्र बघितला. तांबूस, मोठा थोरला, माझ्या खांद्याशी आला होता. पुन्हा समोर बघितलं तर वनी नव्हती.

टांगा पळत होता. आधी वाटलं, पोरीला फेरी मारायला नेली. मग टांग्यात शालनचा पदर उडताना दिसला. मी पळाले. लुगड्यात पाय अडकून पडले, उठले, पुन्हा पळाले. कॅमेऱ्यापाशी पोचले तेव्हा खालच्या रस्त्यावर आनंदानं आधीच उभी करून ठेवलेली जीप निघून गेली होती, तिचा आवाजसुद्धा संपला होता. सूर्य बुडाला होता. हे टोपी हातात धरून एकटेच उभे होते.

“गेली?” मी विचारलं.

“गेली.”

“मला न सांगता?”

“तुला सांगितलं असतं तर तू हसली नसतीस, हौसे. तुझं तोंड बघून तिनं पुन्हा विळखा घातला असता.”

मी त्यांच्या छातीवर मुठी मारल्या, जितक्या मारवल्या तितक्या. त्यांनी मारू दिल्या. मग म्हणाले, “तू जवळ असलीस की तिला आई दिसतच न्हाई. तुला लांब नेल्याबिगर...” आदल्या दिवशीची ती शेंगदाण्याची गोष्ट ते वनीला सांगत नव्हते, मला सांगत होते. मी बसले होते चहात साखर टाकत.

त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, पोर आज ना उद्या जाणारच होती. पण हे सगळं डोक्याला कळतं. मी टेबललँडवर पुन्हा पाय ठेवला नाही. शेगडी खाली बाजारात आणली. ह्यांच्याशी बोलायला लागले ते बऱ्याच दिवसांनी, तेही मीठमिरचीपुरतं.

फोटो मात्र असा निघाला की ह्यांनी जन्मात तसा दुसरा काढला नसेल. वनीचा तळहात, त्यावर मी, हसणारी, आणि माझ्या शेजारी चंद्र. दोघं एका मापाची. ह्यांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. मी त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवायची, हे सुलटा करायचे. शेवटी मी दमले.

शालन आणि आनंदा पुढं फारसे आले नाहीत. भीती वाटत असणार. मीही बोलावलं नाही. लग्नकार्यात एकदोनदा वनी दिसली. वाकून नमस्कार करायची आणि पाव्हण्यासारखी बाजूला व्हायची. मी म्हणायची, लहान होती, विसरली. लेकरांनी विसरावंच. हे गेले तेव्हाही आनंदा एकटाच आला.

आणि मग एक दिवस वनी आली, स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन. एकटीच. उंच झाली होती, आईसारखी. कॉलेजात विज्ञान शिकवत होती. मी चहा टाकला, तोवर ती भिंतीपुढं जाऊन उभी राहिली. तिथं ह्यांचा हार घातलेला फोटो होता आणि त्याच्या शेजारी तो.

“हा अजून आहे?”

“नानानं लावलेला. काढायचा कशाला?”

तिनं फोटोतल्या चंद्रावर बोट टेकवलं. “नानांनी अर्धीच गोष्ट सांगितली होती, काकी. चंद्र दरवर्षी दोन बोटं लांब जातो आपल्यापासून. आज तो बरोबर सूर्याएवढा दिसतो, हे आपलं नशीब. पुढं कधीतरी बारका दिसायला लागेल. मग सूर्याला पुरता झाकणार नाही.”

“लांब का जातो?”

“जातो,” ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “तू का गेलीस?”

“मी? मी कुठं गेले?”

“मागे मागे गेलीस आणि हसत होतीस. बाबांनी माझा खांदा धरला तेव्हाच मला कळलं, आता नेणार. मी तुला बोलवत होते, दोन्ही हातांनी. ये, ये म्हणून घसा फुटेपर्यंत ओरडत होते. आणि तू टाटा केलास. उड्या मारून मारून टाटा केलास, काकी.”

मी खाली बसले. चहा उतू गेला, त्याचा वास घरभर झाला, तरी उठवेना.

ती शांतपणे बोलत होती, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी. “मला वाटलं, तुला मी नकोशी झाले. म्हणून तर मी तिकडं गेल्यावर रडले नाही. रडायचं कुणासाठी? आईचा पदर मात्र धरला तो सोडलाच नाही. म्हटलं, हीपण जाईल.”

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तुझ्या बापानं आणि नानानं मिळून ठरवलं होतं, तुझी आई त्यात सामील होती, मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. बस्स. भिंतीवरून हे बघत होते. चार दिवसांवर तिची हळद होती, आईच्या हातानं लागायची होती. मला ती पोर हवी होती. खोटं कशाला बोलू, जीव कासावीस होईस्तोवर हवी होती. पण मी तोंड उघडलं असतं तर तिला मी मिळाले असते आणि आई गेली असती, गेलेल्या नानासकट. एकदा मला न कळता मधनं बाजूला केलं होतं. ह्या खेपेला माझी मीच झाले.

“उन्हं डोळ्यांवर होती, वने,” मी म्हणाले. “मला तुझं तोंड दिसलं न्हाई.”

“हं,” ती म्हणाली, आणि मान हलवली, म्हाताऱ्या माणसांचं ऐकून घेतात तशी. मग तिनं स्वतःच जाऊन स्टो बंद केला. उरलेला चहा आम्ही दोघींनी घेतला. पाया पडताना म्हणाली, “लग्नाला ये.”

“येणार की. न यायला काय झालं?”

एसटी स्टँडवर पोचवायला गेले. ती खिडकीशी बसली, मी खाली उभी. गाडी सुटली. वळणापर्यंत गेली आणि समोर सहलीच्या गाड्यांची गर्दी होती म्हणून थांबली, आणि खिडकीतून तिचा हात बाहेर आला. जोरजोरात हलायला लागला.

मला तोंड दिसत नव्हतं, हातच दिसत होता. मी पळत सुटले. ह्या वयात, भर बाजारातनं, वहाणा कुठं राहिल्या ते बघितलं नाही. एक रिक्षावाला ओरडला माझ्यावर. खिडकीशी पोचले तेव्हा मला धाप लागली होती. दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला.

“बोलावलंस? काय, वने? काय म्हणतेस?”

ती गोंधळली. तिच्या शेजारची बाई वाकून माझ्याकडं बघायला लागली.

“नाही गं, काकी,” वनी म्हणाली. “टाटा केला नुसता.”

पुढची गर्दी सुटली, कंडक्टरनं घंटी दिली. मी गज सोडला आणि मीपण हात हलवला.